गंगाजळीला हात लावू नये

सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. ऊन मात्र रोज येतं, आणि सकाळी आठलाच येऊन दारात उभं राहतं. जुळे सोलापुरातल्या एका तीनमजली इमारतीत, गच्चीच्या बरोबर खाली, नारायणराव आणि प्रभाताई राहत होते. ऊन आधी गच्चीवर उतरायचं, तिथं मांडी ठोकायचं, आणि मग सावकाश स्लॅबमधून झिरपत प्रभाताईंच्या टाळूवर यायचं. सूर्य बुडाला तरी भिंती त्याची उसनवारी फेडत बसत.

प्रभाताई माहेरच्या मैंदर्गीच्या. त्यांची आई जात्यावर बसली की देवापासून दिरापर्यंत सगळ्यांना ओवीत घ्यायची. लेकीकडे जातं नव्हतं, मिक्सर होता. पण शेंगाची चटणी फिरवताना प्रभाताईंच्या तोंडात आईचा सूर आपोआप यायचा. मिक्सरची एक सोय होती. त्याच्या घरघरीत शब्द बाहेरच्या खोलीपर्यंत जात नसत, त्यामुळे मनात येईल ते गाता यायचं.

सूर्या रे दादा, तुझं घर हाय कुटं
माझ्या भिंतीला टेकून, का रं बसतूस हितं

प्रभाताईंना एक एसी हवा होता. दागिना नको, तीर्थयात्रा नको, विमानात बसायचं नको. झोपायच्या खोलीत खिडकीच्या वर एक पांढरी पेटी, खालच्या मजल्यावरच्या चेतनाकडे होती तशी. चेतना घरी शिकवण्या घ्यायची. दुपारी प्रभाताई तांदळाचं ताट घेऊन तिच्याकडे निवडायला जाऊन बसत. तांदूळ पाकिटातला होता, त्यात खडा औषधालासुद्धा नव्हता. चेतनाला ते कळत होतं. ती फक्त रिमोट उचलून आकडा एकानं खाली आणायची आणि पुन्हा पोरांच्या वह्यांत डोकं घालायची.

पैसे नसते तर प्रभाताई देवाला चार शब्द ऐकवून गप्प बसल्या असत्या. पण पैसे होते. नारायणराव जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. निवृत्त होताना हातात आलेली सगळी रक्कम त्यांनी बँकेत मुदत ठेवीत घातली होती. मुदत संपली की ते छत्री घेऊन बँकेत जात आणि ती पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवून येत. घर पेन्शनवर चालायचं. ठेवीला त्यांनी नाव दिलं होतं गंगाजळी, आणि हे नाव ते असं उच्चारत की ऐकणाऱ्यानं चपला काढाव्यात.

घरी कुणी आलं की त्याला अर्धा कप चहा आणि या शब्दाची अख्खी कुळकथा मिळायची. यंदा मे महिन्यात ती प्रभाताईंच्या धाकट्या भावाच्या वाट्याला आली. गुरुराज मैंदर्गीत देवळाची पूजाअर्चा बघायचा आणि डोळे तपासायला सोलापूरला येऊन राहिला होता. त्यानं ती आधीही ऐकली होती, पण भावाला चहा हवा होता.

नारायणराव देवघराकडे बोट करून म्हणाले, "गुरुराज, ती बघ. काशीला जायचं, तांब्याच्या इवल्याशा लोट्यात गंगा भरून घ्यायची, झाकण झाळून पक्कं बंद करायचं आणि घरी आणून देवापाशी ठेवायची. रोज डोळ्यांना दिसते, पण उघडायची नाही. उघडायची कधी? माणूस निघाला की. तुळशीचं पान, दोन थेंब, संपलं. ते भांडं म्हणजे गंगाजळी. आणि राखून ठेवलेल्या पैशालाही आपल्या लोकांनी तेच नाव दिलं. का दिलं?"

"हात लावायचा न्हाय म्हणून," गुरुराज बशीत चहा ओतत म्हणाला.

"बरोबर. आता बातम्यांत सांगतात बघ, देशाची परकीय चलनाची गंगाजळी. शब्द कुणाचा? आपल्या देवघरातला."

"मग तो देशही मरताना उघडतो का?" प्रभाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"तू चटणी कर."

देवघरातली ती गंगाजळी प्रभाताईंनीच भरली होती. लग्नाला दोनतीन वर्षं झाली असतील तेव्हा दोघं काशीला गेले होते. दोघांनी मिळून केलेला तो एकच प्रवास. पौषातली थंडी होती. पायरीवर गुडघे टेकून, बांगड्या कोपरापर्यंत सारून त्यांनी लोटा पाण्यात धरला होता आणि तो भरताना बुडबुड हसला होता. नावेत बसू या का, असं त्यांनी विचारलं होतं. नारायणराव म्हणाले होते, नाव काठावरूनही छान दिसते. मग घाटावरच्या कारागिरानं झाकण झाळून दिलं आणि गंगा पिशवीत बसून सोलापूरला आली. तेव्हापासून दर दसऱ्याला प्रभाताई तिला चिंचेनं घासत. अलीकडे ती हाताला हलकी लागायची. हलवून बघायची मात्र मनाई होती. झाळ सुटेल, असं नारायणराव म्हणायचे.

आता मुदत ठेव पुन्हा भरत आली होती. नारायणराव एकदा ती पाच वर्षांसाठी ठेवून आले की पाच उन्हाळे गेले. प्रभाताई पंचाहत्तरीच्या होत्या. पाच उन्हाळे म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी विषय काढला.

"यंदा त्यातलं थोडं काढा. एसी घेऊ."

"गंगाजळीला हात लावू नये."

"देवदत्त पाठवतो म्हणतोय पुण्याहून. तेही तुम्हाला चालत नाही."

"माझ्या हयातीत मुलाच्या पैशाचा खिळासुद्धा या भिंतीत जाणार नाही."

"मलाही मुलाचा नकोच आहे. मला ह्या घरातला हवाय. कोथिंबिरीची अर्धी जुडी आणून चार दिवस पुरवली, ती काय बँकेच्या मॅनेजरसाठी?"

"ती शेवटासाठी आहे."

"शेवट आला की मला थंडच पडायचंय हो. तेव्हा एसी कशाला लागतोय?"

गुरुराजला भाकरी घशात अडकून ठसका लागला. नारायणरावांनी त्याच्याकडे पाण्याचा पेला सरकवला आणि पंखा तीनवरून दोनवर आणला. वाद मिटवायची त्यांची ही रीत होती. सकाळी मिक्सर जरा जास्त वेळ चालला.

तांब्याची गंगाजळी, धनी ठेविती जपून
घामाची गंगा माझी, वाहते पाठीवरून

त्याच दिवशी ऐन दुपारी नारायणराव व्याजाचा नवा दर विचारायला बँकेत निघाले. उद्या मुदत भरते, आज दर कळलेला बरा. फोनवर सांगतील, असं प्रभाताई म्हणाल्या. फोनवर कुणीही काहीही सांगतं, असं ते म्हणाले. रिक्षा करा म्हटलं तर त्यांनी असं बघितलं की जणू हत्ती करा म्हटलंय. गेले चालत, आले चालत. दार उघडून आत आले, "पाव टक्का कमी केलाय," एवढं बोलले आणि दिवाणावर आडवे झाले ते झालेच. चेहरा बिटासारखा लाल, हातपाय गळलेले, हाकेला नुसतं हूं.

प्रभाताईंनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, येतोच, पण अर्धा तास लागेल. कपडे सैल करा, ओलं फडकं फिरवा, शुद्धीवर असतील तर मीठ, साखर, लिंबाचं पाणी थोडं थोडं पाजा.

इकडे गुरुराज मेहुण्याचं मनगट धरून बसला होता. देवळातल्या माणसाला लोक जन्माला बोलावतात तसे मरणालाही बोलावतात. मैंदर्गीत त्यानं पुष्कळ लोक वाटेला लावले होते, आणि त्या बाबतीत आपला हात कुणी धरू शकत नाही, अशी त्याची समजूत होती.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "नाडी लागंना की. दाजी निघाले."

"डॉक्टर येतायत."

"डॉक्टर येतील तवर गंगा तोंडात पडली पायजे. जन्मभर राखलीय त्यांनी. आता न्हाय उघडायची तर कधी?"

आता हे ऐकून दुसरी बाई रडली असती.  पण प्रभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं तर त्याच्या पायाचा अंगठा हलत होता. पाव टक्क्याच्या हिशेबात नारायणरावांचा अंगठा नेहमी असाच हलायचा. तरीही नको म्हणायचं कसं? खरंच निघाले असले आणि गंगेविना गेले, तर जन्मभर हे पाप उशाशी बसेल. त्यांनी देवघरातून गंगाजळी आणून भावाच्या हातात दिली आणि स्वतः लिंबू चिरायला गेल्या.

गंगाजळी उघडेना. काशीच्या कारागिरानं झाळ अशी दिली होती की गंगा आत राहिलीच पाहिजे, माणूस मेला तरी चालेल. गुरुराजनं आधी नखानं करून पाहिलं, मग चमच्यानं, मग अडकित्त्यानं. अडकित्त्याचं पातं वाकलं. तो पळत खाली चेतनाकडे गेला आणि तिच्या घरातला पेचकस आणि हातोडी घेऊन आला. मागोमाग चेतनाही आली. मग दिवाणाशेजारी फरशीवर बसून, तोंडानं विष्णुसहस्रनाम आणि हातानं हातोडी, असं त्याचं काम सुरू झालं.

"हळू ठोक रे," निघालेले नारायणराव डोळे मिटूनच म्हणाले. "फरशी फुटेल."

"वात झालाय," गुरुराजनं चेतनाला सांगितलं आणि आणखी जोरात ठोकलं.

झाकण उडालं आणि सोफ्याखाली गेलं. गुरुराजनं तुळशीचं पान पुढं करून गंगाजळी तळहातावर उपडी केली. काही आलं नाही. त्यानं ती हलवली, डोळ्याला लावून आत पाहिलं, कानाशी नेली, मग पुन्हा उपडी केली. चिमूटभर हिरवी भुकटी पडली.

"अय्यो देवरे," तो म्हणाला. "अक्का, ह्यात गंगा न्हाय."

"नाही म्हणजे? गेली कुठं?"

"उडाली. पन्नास उन्हाळे सोलापूरचे खाल्ले की तिनं." त्यानं बुडाशी बोट फिरवलं. तिथं सुई जाईल एवढं भोक होतं.

प्रभाताई सरबताचं पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढं ती पौषातली पायरी आली, पाण्यानं बधिरलेली बोटं आली, लोट्याचं ते बुडबुड हसणं आलं. कुठल्या उन्हाळ्यात तिचा शेवटचा थेंब गेला असेल? त्या वर्षीही आपण तिला चिंचेनं घासलंच असेल, चकचकीत करून देवाच्या उजव्या हाताला ठेवलंच असेल. त्यांना रडूही आलं आणि हसूही आलं. आधी कोणाला जागा द्यावी ते ठरेना, म्हणून त्यांनी भावाच्या हातातलं भांडं घेतलं, नळाखाली चांगलं चोळून विसळलं, खालच्या भोकावर अंगठा दाबला आणि त्यात सरबत ओतलं.

"गंगाजळीत लिंबू?" गुरुराजचा आवाज चिरकला.

"मग कशात देऊ? त्यांना गंगाच प्यायची असेल तर भांडं तरी गंगेचं असू दे."

चेतनानं नारायणरावांची मान उचलून धरली. तुळशीच्या पानावरून पहिले थेंब आत गेले. नारायणरावांच्या गळ्याची घाटी वर झाली, खाली आली. आणखी थोडं गेलं. मग त्यांनी स्वतःच हात वर करून गंगाजळी धरली आणि घटाघट रिकामी केली.

"अजून आहे का?" त्यांनी विचारलं.

गुरुराज भिंतीला टेकला. आजवर त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा मागितली नव्हती.

डॉक्टर आले तेव्हा गंगाजळी तिसऱ्यांदा भरून झाली होती. ऊन लागलंय, त्यांनी सांगितलं. खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली टांगली, संध्याकाळपर्यंत थांबून नाडी पाहिली आणि जाताना विचारलं, "घरात एसी नाही?"  प्रभाताईंनी दिवाणाकडे बघितलं. दिवाणानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणराव उशीला टेकून बसले होते आणि आवाज परत आला होता. ते वाचल्यानं गुरुराजचं फार नुकसान झालं, असं म्हणायला हवं. आता त्या कुळकथेला शेवटही मिळाला होता.

"बघितलंस ना? तेव्हा उघडली असती, सणावाराला थेंब थेंब वाटली असती, तर काल काय होतं माझ्यासाठी? राखली म्हणून तारली. चव कशी होती सांगू? गोड. जराशी आंबटसर. हिमालयातल्या वनस्पतींचा अर्क असतो त्यात."

गुरुराज पंचाच्या टोकानं चष्मा पुसत राहिला. चष्मा त्याच्या डोळ्यांवर नव्हताच, हातात होता, आणि स्वच्छ होता.

"प्रभा, आज मुदत भरली. मला डॉक्टरांनी उठू नको म्हटलंय. तू जा. पावती घे, पाच वर्षांसाठी ठेवून ये. मागं मी सही केलीय. रिक्षानं जा," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "जाताना."

प्रभाताई बँकेत गेल्या. बँकेत गारवा होता. खुर्चीवर बसल्या आणि आपला नंबर येऊ नये, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं पावती पाहिली.

"सगळी रक्कम परत ठेवायची का, आजी?"

"म्हणजे? थोडी ठेवून थोडी काढता येते?"

"येते की. आज मुदत संपलीय."

"पण ती ह्यांची आहे. ह्यांनी ठेवायचीच म्हणून सही केलीय."

मुलीनं पावती त्यांच्याकडे फिरवून बोट ठेवलं. "दोघांच्या नावावर आहे. दोघांपैकी कुणीही एक, असं लिहिलंय. तुमची एकटीची सही चालते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

प्रभाताईंनी पदरानं तोंड पुसलं. इतकी वर्षं त्या चेतनाच्या घरात बसून नसलेले खडे शोधत होत्या. पेन उचललं. मुलीनं चौकट दाखवली. सही करायची सवय नव्हती, प्रभा लिहिताना भ ची मान वाकडी झाली. पण झाली. थोडी रक्कम बाहेर राहिली, बाकीची पाच वर्षांसाठी गेली. बाहेर पडल्यावर त्या घरी जाण्याआधी दुकानात गेल्या. येतानाही रिक्षानं आल्या.

"ठेवलीस?" नारायणरावांनी विचारलं.

"ठेवली. थोडी काढली. एसी सांगून आलेय. परवा बसवायला येतील."

नारायणराव उशीवरून ताठ झाले.

"गंगाजळीला हात लावलास?"

"लावला म्हणून तर कळलं. काल लावला तेव्हाही कळलं." त्या दिवाणाच्या कडेवर बसल्या. "अहो, ती रिकामी होती. बुडाला भोक आहे. थेंबसुद्धा नव्हता आत."

"खोटं. मी प्यालो."

"लिंबू सरबत प्यालात. तीन वेळा. वेलदोडा राहिला घालायचा."

नारायणरावांनी गुरुराजकडे पाहिलं. कुळकथेला साक्षीदार एकच उरला होता. गुरुराजनं शेवटी चष्मा डोळ्यांवर चढवला. "दाजी," तो म्हणाला, "वनस्पती होती ती. पण हिमालयातली न्हाय. मंडईतली."

नारायणरावांनी गंगाजळी मागितली. बोटानं बुडाचं भोक चाचपलं, खिडकीकडे धरलं. भोकातून उजेडाचा एक ठिपका त्यांच्या नाकावर पडला.  मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "तू कोपरापर्यंत हात पाण्यात घातले होतेस. मी ओरडत होतो, सर्दी होईल."

"झाली होती."

"नावेत बसायचं म्हणत होतीस."

"म्हणत होते."

त्यांनी गंगाजळी तिच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पण हार मानली नाही. हेडक्लार्क ते हेडक्लार्कच. एसी बसवायला माणसं आली तेव्हा ते हॉलमध्ये खुर्ची टाकून बसले आणि आपण या पापात नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. भिंतीला भोक पाडताना जेवढी धूळ उडाली तेवढ्या वेळा खाकरले. गुरुराजनं नव्या पेटीला कुंकू लावलं, नारळ वाढवला, अर्धा स्वतःच्या पिशवीत टाकला आणि दुपारच्या गाडीनं मैंदर्गीला गेला.

प्रभाताईंनी खोलीचं दार लावून घेतलं. पलंगावर आडव्या झाल्या. वारा आला. आधी कपाळावर आला, मग गळ्याशी, मग पाठीखाली. मिक्सर नव्हता तरी त्या मोठ्यानं गायल्या.

भिंतीला भोक बाई, भोकातून आला माघ
दाराच्या बाहेर बसला, माझ्या कुंकवाचा वाघ

"ऐकू येतंय मला," वाघ म्हणाला.

"ऐका की."

बाहेर खाकरल्याचा आवाज झाला.

"दाराला जरा फट ठेव."

"फट ठेवली की गार वारा हॉलमध्ये जातो. वाया जातो."

वाया हा शब्द बाहेर पोचला आणि तिथं बराच वेळ बसला असावा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"एक माणूस झोपलं काय, दोन झोपले काय, मीटर तेवढंच फिरणार?"

"तेवढंच."

"म्हणजे एकट्या माणसासाठी अख्खी खोली गार करायची. ही तर शुद्ध उधळपट्टी झाली."

"झाली तर."

दार उघडलं, नारायणराव आत आले आणि दार चटकन लावलं. पलंगाच्या त्यांच्या बाजूला ते ताठ पडून राहिले, न्यायाधीशासारखे, छताकडे बघत. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं, गच्चीवर ऊन मांडी ठोकून बसलं होतं. आत हळूहळू त्यांच्या पायाचा अंगठा हलायचा थांबला.

"प्रभा."

"काय?"

"माळ्यावर त्या सोलापुरी चादरी आहेत ना. एक काढ. गारठलोय मी."

प्रभाताईंनी स्टूल आणलं, डांबरगोळ्यांच्या वासाची जाडजूड चादर काढली, झटकली, आणि ऐन मे महिन्यात भर दुपारी नवऱ्याच्या अंगावर गळ्यापर्यंत ओढली. मग तिचंच दुसरं टोक उचलून स्वतः आत शिरल्या.